चाळणीवरचे शमुकाका

साखर कारखान्यात रुजू झाले त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, मी प्रयोगशाळेच्या संगणकावर साड्यांची एक वेबसाइट उघडायला गेले. साड्या आल्या नाहीत. पडद्यावर एक पिवळी पाटी आली आणि तिच्यावर चक्क मराठीत लिहिलेलं: ‘ही वाट बंद आहे. फारच गरज असेल तर १०७ वर फोन करा किंवा समक्ष या. चहा मिळेल. – श. य. साळवे.’

मला वाटलं, नवीन म्हणून कुणीतरी चेष्टा करतंय. शेजारच्या टेबलावरचे लोक हसायला लागले. शमुकाकांनी पकडलं तुम्हाला, आता जा आणि चहा पिऊन या, असं म्हणाले. मी जामखेडची, कोरडवाहू मुलखातली. पाटीवर चहा लिहिलाय म्हणजे रागावायला बोलावलंय, असंच मी समजले आणि माफीची वाक्यं जुळवत मुख्य कार्यालयाच्या जिन्याखालच्या खोलीत गेले.

खोली बर्फासारखी गार होती. अख्ख्या कारखान्यात वातानुकूलन दोनच ठिकाणी. एक एम.डी. साहेबांच्या केबिनमध्ये, दुसरं इथं, यंत्रं तापू नयेत म्हणून. बाहेर बॉयलरच्या धगीनं माणसं घामाघूम व्हायची आणि हा किडकिडीत, पन्नाशी ओलांडलेला माणूस भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसलेला असायचा. मागे लोखंडी कपाटात हिरवे दिवे लुकलुकत होते. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला आणि विचारलं, “कुठली साडी बघत होता, ताई?”

बहिणीच्या साखरपुड्यासाठी म्हणून सांगितलं. तर म्हणाले, येवला इथून जवळ आहे, रविवारी जा, हात लावून घ्या. मग त्यांनी शांतपणे कारण सांगितलं. कारखान्यात इंटरनेटची एकच लाइन. तिच्यावरच कार्यालय, तिच्यावरच वजनकाटा. एका माणसानं साडी बघितली तर काही बिघडत नाही. दीडशे माणसं साड्या, सिनेमे आणि क्रिकेट बघायला लागली की काट्यावरचा संगणक अडकतो आणि ऊस घेऊन आलेला माणूस ट्रॅक्टरवर उन्हात बसून राहतो. “तुमच्या साडीमुळं तो बसायला नको,” एवढंच ते म्हणाले. रागावले अजिबात नाहीत. मी चहा संपवला आणि पुन्हा त्या संगणकावर साडी बघायची मला हिंमत झाली नाही.

शमुवेल यशवंत साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. राहात्याकडच्या एका खेड्यातलं ख्रिस्ती घराणं, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. एकोणिसाव्या वर्षी ते कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि याच जिन्याखालच्या खोलीत वीसएक वर्षं कानाला यंत्र लावून बसले. पुढं टेलिफोन आपोआप जोडले जाऊ लागले, तेव्हा या माणसाचं काय करायचं ते कुणाला कळेना. तेवढ्यात त्याच खोलीत संगणकाची यंत्रं आली, तर किल्ली सांभाळायला म्हणून यांनाच ठेवलं. नुसतं बसून कंटाळा येतो म्हणून त्यांनी यंत्रांबरोबर आलेली इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचायला सुरुवात केली. तीन वर्षांनी पुण्याहून येणारे इंजिनिअर त्यांनाच शंका विचारू लागले.

इंटरनेटवरून काय आत येऊ द्यायचं आणि काय नाही हे ठरवणारी जी पेटी होती, तिला इंजिनिअर लोक फायरवॉल वगैरे म्हणत. शमुकाका चाळणी म्हणायचे. आपल्याकडं साखर चाळतात, ढेकूळ वर राहतं आणि दाणा खाली जातो, तसंच हे, असं ते नव्या माणसाला समजावून सांगत. मग हळूच जोडायचे, “फक्त इथं ढेकूळ कुठलं अन् साखर कुठली, हे ठरवताना माझी लई पंचाईत होती.”

ती पंचाईत वरचेवर व्हायची. नवी पेटी बसवायला पुण्याहून एक घाईतला इंजिनिअर आला होता. पेटीत बंद करायच्या गोष्टींची यादी तयारच असते: मद्य, जुगार, अश्लील, हत्यारं. त्यानं यादीतल्या सगळ्या नावांपुढं खुणा केल्या आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आसवनीचं, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढायच्या विभागाचं काम ठप्प झालं. त्यांच्या पडद्यावर काहीच उघडेना. यीस्ट विकणाऱ्यांचं पान बंद, यंत्रांच्या सुट्या भागांचं पान बंद, उत्पादन शुल्क खात्याचं सरकारी पानसुद्धा बंद. सगळीकडं अल्कोहोल हा शब्द. वर शमुकाकांनी मद्याच्या पाटीवर खास स्वतःचा मजकूर घातलेला: ‘दारूनं संसार बुडतो. घरच्यांचा विचार करा.’

आसवनीचे व्यवस्थापक देशमुख म्हणजे जन्मात थेंब न घेतलेला, सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. ते तरातरा जिना उतरून आले आणि म्हणाले की माझा अख्खा विभागच या दारूवर चालतो, घरच्यांचा विचार करूनच मी इथं नोकरीला येतो. शमुकाकांनी त्यांना चहा दिला, माफी मागितली, दहा मिनिटांत वाट मोकळी करून दिली आणि तासाभरानं रीतसर पत्र पाठवलं: ‘आसवनी विभागास मद्याची कामापुरती परवानगी देण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का. देशमुखांनी ते रागानं फाडायला घेतलं, पण त्यांच्या माणसांनी ते वाचवून भिंतीला चिकटवलं. बाहेरून येणारे लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घ्यायचे.

दुसरी गंमत याहून मोठी झाली. ऊस विभागातल्या दोघातिघांना आकड्याचा नाद होता. दिवसभर संगणकावर सट्ट्याचे निकाल बघायचे. शमुकाकांनी सट्टा हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पेटीला सांगितलं, हा दिसला की अडव. आकडेवाले गप्प झाले. पण ते दिवस निवडणुकीच्या निकालानंतरचे होते, सरकार कुणाचं येणार यावर मुंबईत खल चाललेला, आणि आमचे सगळे संचालक बैठकीसाठी आलेले. राजकारणाच्या बातम्या उघडायला जावं तर जिथंतिथं पिवळी पाटी: ‘जुगार वाईट. इथं कुणी जिंकत नाही.’ उपाध्यक्षांनी स्वतः १०७ वर फोन लावला. शमुकाकांनी चौकशी केली, यंत्र तपासलं आणि वर जाऊन खुलासा केला की इंग्रजी अक्षरांत सट्टा आणि सत्ता एकसारखेच लिहितात. यंत्राला त्यातला फरक कळत नाही.

उपाध्यक्ष जुन्या पिढीतले, मिश्कील गृहस्थ. म्हणाले, “यंत्राला कशाला दोष देता साळवे, आम्हाला तरी कुठं कळतो.”

बैठकीत हशा पिकला. शमुकाका मात्र खालमानेनं उभे राहिले आणि जाताना विचारून गेले की मग हा शब्द काढू, का राहू देऊ?

क्रिकेटचं त्यांनी वेगळंच केलं होतं. सामने दाखवणारी पानं कायमची बंद, पण सामना असला की १०७ फिरवायचा. शमुकाका स्कोअर सांगायचे, जुन्या ऑपरेटरच्या संथ, ठाय आवाजात, शेवटचा गडी कसा बाद झाला तेही. एकाच वेळी चार जणांचे फोन आले तर चौघांना जोडून एकदाच सांगायचे. या कामाचा त्यांच्या हुद्द्याशी काही संबंध नव्हता. पण त्यांचा हिशेब सरळ होता: माणसाला वाट बंद केली की तो कुंपण तोडायला बघतो, म्हणून बंद केलेल्या प्रत्येक वाटेजवळ एखादी पायवाट ठेवावी.

लोक त्यांना हसायचे तसे थोडे बिचकायचेही. कारण चाळणीतून जाणारं सगळं त्यांना दिसत असणार, हे प्रत्येकाला माहीत होतं. कोण स्थळं बघतोय, कोण दुसरीकडं नोकरी शोधतोय, कुणाला कसला आजार झालाय. कँटीनमध्ये कुणी छेडलं तर ते म्हणायचे, मी टेलिफोनवर बसलो तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या हेड ऑपरेटरनं सांगितलं होतं, कानात पडेल ते पडू दे, तोंडातून पडता कामा नये. आणि खरंच, त्यांच्या तोंडून कुणाबद्दल कधी काही ऐकल्याचं मला आठवत नाही. साधं अमका आज रजेवर आहे, एवढंसुद्धा ते सांगायचे नाहीत. हजेरीच्या वहीत बघा म्हणायचे.

पण त्यांच्या खोड्या चालू असत. एका दिवाळीच्या आधी सगळ्यांना एक मेल आला. यंदा कामगारांना जादा साखर मिळणार आहे, सोबतच्या दुव्यावर जाऊन आपलं नाव आणि कार्यालयाचा पासवर्ड भरा. मेल कल्याण विभागाच्या नावानं होता आणि आमच्याकडं कल्याण विभाग नावाचा विभागच नव्हता. तरी लोक तुटून पडले. मी भरलं. लेखा विभागानं एकदिलानं भरलं. पासवर्ड टाकून बटण दाबलं की पिवळी पाटी यायची: ‘हा मेल मीच पाठवला होता. उद्या चोर पाठवील. पासवर्ड आजच बदला. साखर नाही, चहा आहे. – साळवे.’

त्या दिवशी जिन्याखाली रांग लागली. एम.डी. साहेबांना हे कळलं तेव्हा ते चिडले. शिकलेली माणसं एवढी बेसावध कशी, म्हणाले, आणि त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर शमुकाकांकडं नावांची यादी मागितली. आज एकेकाला उभं करतो, म्हणाले. शमुकाकांनी घडी घातलेला कागद खिशातून काढला, उघडला, वाचला, परत घडी घातली.

“साहेब, ज्या क्रमानं भरलं त्या क्रमानं नावं आहेत,” ते म्हणाले. “पहिल्यापासून वाचू का?”

एम.डी. साहेबांनी पुढचा विषय घ्या म्हणून सांगितलं. पहिलं नाव कुणाचं होतं ते शमुकाकांनी कधीच सांगितलं नाही. पण त्यानंतरच्या दिवाळीला आलेली प्रत्येक शुभेच्छा साहेब आधी १०७ वर विचारून उघडायचे, असं त्यांचे स्वीय सहायक गोरे सांगायचे.

त्याच सुमारास आणखी एक पेटी आली. आधीच्या पेटीला पाकिटावरचा पत्ता तेवढा दिसायचा. ही पाकीट फोडून आतलं पत्रही वाचू शकत होती. चोर हल्ली बंद पाकिटातूनच येतात, म्हणून ती हवी, हे शमुकाकांना पटत होतं. पण बँकेची आणि दवाखान्याची पाकिटं मी फोडणार नाही, असं त्यांनी विकणाऱ्याला बजावलं. आणि पेटी सुरू करायच्या आधी त्यांनी बसून दोन पानी नियमावली लिहिली. पेटीतल्या नोंदी किती दिवस ठेवायच्या, कुणी बघायच्या, कशा मागायच्या. ती सह्यांसाठी वर पाठवली. दिवाळीच्या घाईत एम.डी. साहेबांनी खाली सही केली आणि फाइल परत आली. मग शमुकाकांनी आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवून अर्धा तास समजावून सांगितलं. कार्यालयाचं इंटरनेट म्हणजे कार्यालयाचा रस्ता, खासगी काम आपापल्या फोनवरून करा. मी मागच्या रांगेत बसून रसायनांच्या मागणीचा तक्ता भरत होते. अर्धंच ऐकलं.

आता मी काय केलं ते सांगते. कार्यालयातल्या कुणालाही हे मी आजवर सांगितलेलं नाही.

प्रयोगशाळेत माझ्याकडं सांडपाणी तपासायचं काम होतं. आसवनीचं तांबडं, आंबूस पाणी साठवायचा तलाव एका बाजूनं पाझरायला लागला होता आणि ते पाणी नाल्याला उतरत होतं. तिथं काम करणारे पवारनाना यांनी सगळ्यात आधी मला हे दाखवलं. “बाई, म्हशी तोंड लावीत न्हाईत त्या पान्याला,” म्हणाले. “खालच्या मळ्यातल्या हिरीला पन वास याया लागलाय.” मी नमुने घेतले. आकडे वाईट होते. वरिष्ठांना दाखवले तर त्यांनी मागच्या महिन्याचेच आकडे उतरवायला सांगितले. हंगाम संपला की दुरुस्ती करू, म्हणाले. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा लेखी दिलं. तिसऱ्या वेळी माझा कागदच परत आला नाही.

एका दुपारी मी समोरच्या संगणकावर प्रदूषण मंडळाच्या तक्रारीचं पान उघडलं, सगळे आकडे भरले आणि पाठवून दिले. तक्रारदाराचं नाव गुप्त राहील असं तिथं लिहिलं होतं. मंडळानं ते गुप्त ठेवलंही. पण मी कुठल्या संगणकावर बसले आहे, हे मला पाठवल्यानंतर पाच मिनिटांनी आठवलं.

दुसऱ्या दिवशी शमुकाका प्रयोगशाळेत आले. मफलर काढून हातात घेतलेला. कीबोर्ड उलटा करून त्यांनी टेबलावर झटकला, त्यातून फरसाण पडलं, त्यावर ते थोडं बोलले आणि गेले. माझ्याकडं त्यांनी नेहमीपेक्षा जास्तही पाहिलं नाही आणि कमीही नाही. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मंडळाचे अधिकारी आले. त्यांनी तलाव पाहिला, नाल्याचे नमुने घेतले, नोटीस दिली. कारखान्यात एकच विषय: घरभेदी कोण? संशय पवारनानांवर गेला, कारण ते उघडपणे बोलायचे. त्यांना निलंबित करायचा कागद तयार होतोय असं कळलं, तेव्हा मला बसवेना. नानांच्या दोन मुली शिकत होत्या. मी राजीनामा लिहिला आणि जिन्याखाली गेले. आधी शमुकाकांना खरं सांगायचं, मग वर जायचं, असं ठरवलं होतं.

मी ‘काका, ते मी’ एवढं म्हणाले असेन. त्यांनी हात वर केला.

“ताई, या खोलीत कुणी मला काही सांगितलं की मी ते लिहून ठेवतो. नियमच हाय तसा, मीच केलेला. म्हणून आता चहा घ्या आणि फक्त चहाविषयी बोला.”

मी रडायला लागले. त्यांनी पेला पुढं सरकवला आणि कँटीनवाला हल्ली आलं कमी घालतो यावर सविस्तर बोलत राहिले. मी शांत झाल्यावर म्हणाले की पवारनानांना संगणक सुरूसुद्धा करता येत नाही आणि त्यांच्या नावानं आपल्याकडं पासवर्डच नाही, हे खरं की नाही? मी मान हलवली. तेवढं तर मी लेखी देऊ शकतो, असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर प्रमाणपत्र टाइप केलं. ‘प्रमाणित करण्यात येते की श्री. पवार यांचा व संगणकाचा आजतागायत कोणताही संबंध आलेला नाही.’ मला रडता रडता हसू आलं. माझ्या हातातल्या पाकिटात काय आहे, ते त्यांनी विचारलं नाही.

नाना सुटले, पण त्यामुळं नजर संगणकांवर गेली. एम.डी. साहेबांनी शमुकाकांना बोलावून घेतलं. पुढचं मला गोऱ्यांनी सांगितलं. ते तिथंच मजकूर उतरवून घेत बसले होते. साहेबांनी मागच्या महिन्यात मंडळाच्या तक्रारीच्या पानावर कोण गेलं होतं, त्याचं नाव मागितलं. शमुकाकांनी नियमावली पुढं ठेवली. मागणी लेखी हवी, कारण लिहायला हवं, आणि ज्याची नोंद बघायची त्याला आधी कळवायला हवं. साहेब म्हणाले, असले नियम कुणी केले? शमुकाकांनी दुसरं पान उलटून सही दाखवली. साहेबांनी सही ओळखली. मग गोऱ्यांकडं वळून त्यांनी लेखी मागणी लिहायला सांगितली.

शमुकाकांनी नववं कलम वाचून दाखवलं: नोंदी काढायच्या तर त्या मुदतीतल्या सर्वांच्या निघतील, हुद्द्याच्या क्रमानं, वरून खाली, आणि त्या संचालक मंडळासमोर ठेवल्या जातील.

“वरून म्हणजे?” साहेबांनी विचारलं.

“म्हणजे आपल्यापासून, साहेब.”

मग साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, “साळवे, ते जाऊ द्या. तुम्हाला माहीत आहे ना कोण ते?”

“साहेब, मी वीस वर्षं टेलिफोनवर बसलो, आता चाळणीवर बसतो. मला सगळ्यांचं पुष्कळ माहीत हाय. एकाचं सांगायला लागलो तर बाकीच्यांना झोप लागंल का?”

साहेबांनी लेखी मागणी रद्द करायला सांगितली. नोंदी निघाल्या नाहीत. मंडळाची नोटीस लागलेली असल्यामुळं तलावाचं काम हंगाम संपायची वाट न बघता सुरू झालं. प्रयोगशाळेच्या वहीत खरे आकडे यायला लागले आणि माझे वरिष्ठ त्यांच्याखाली न बोलता सही करू लागले.

शमुकाकांना मात्र हे सुखासुखी गेलं नाही. महिन्याभरात त्यांची बदली झाली. खातं आधुनिक करायचं म्हणून चाळणीवर एक नवा माणूस आला आणि यांना वजनकाट्यावरच्या पत्र्याच्या खोलीत बसवलं. निवृत्तीला पावणेदोन वर्षं राहिली होती. ज्या माणसानं मे महिन्यात मफलर घातला तो आता उसाच्या पाचटाच्या धुळीत, पत्र्याखाली, टोपी घालून बसायला लागला. मी एकदा भेटायला गेले. तेच म्हणाले की इथं बरं आहे, इथं जे वजन असतं ते सगळ्यांना एकदमच दिसतं, लपवायचं काही नसतं. मग बाहेर थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याशी ते उसाच्या जातीवर बोलायला लागले आणि मला त्यात भाग घेणं भाग पाडलं. जिन्याखालच्या खोलीत नव्या माणसानं पहिल्याच दिवशी पाटी बदलली. आता इंग्रजीत ‘प्रवेश नाकारला’ अशा अर्थाची एक लाल ओळ यायची आणि कुणाला फोन करायचा तेही नसायचं. लोकांनी आपापल्या मोबाईलचं इंटरनेट कार्यालयाच्या संगणकांना जोडायला सुरुवात केली, त्यातून एकदा मोठा व्हायरस आला, दोन दिवस कार्यालय बंद राहिलं. तेव्हा कुणीतरी काट्यावर निरोप पाठवला. शमुकाका आले, काम केलं आणि संध्याकाळी परत काट्यावर जाऊन बसले.

ते निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी मीही कारखाना सोडला. आता अहिल्यानगरला पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत असते. मागच्या हिवाळ्यात कामासाठी राहात्याला गेले होते, बाजाराचा दिवस होता, आणि पेरूंच्या ढिगामागं उकिडवे बसून एकेक फळ नाकाशी नेऊन बघणारे शमुकाका दिसले. शेजारी साळवेकाकू पिशवी धरून उभ्या. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी आधी मला एक पेरू दिला, मग विचारपूस केली. काकू पलीकडं कोथिंबिरीकडं वळल्या, तेव्हा मला राहवलं नाही.

“काका, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?”

“काय?”

“ती तक्रार.”

त्यांनी हातातला पेरू फिरवून देठाकडून पाहिला. “कसली तक्रार, ताई?” ते म्हणाले, इतक्या साधेपणानं की क्षणभर मलाच शंका आली, तक्रार खरंच केली होती का आपण. त्यांची माझ्यापासूनही ती लपवायची तयारी होती. मग ते म्हणाले, “त्या नाल्याला आता पानी कसं हाय?”

मी सांगितलं की दिवाळीनंतर मुद्दाम जाऊन आले. पाणी नितळ आहे, बायका धुणं धुतात, पवारनानांनी काठावर दोन म्हशी बांधल्यात. त्यांनी मान हलवली आणि नानांच्या थोरल्या मुलीचं नर्सिंग पुरं झालं का, ते विचारलं. झालं होतं.

काकू परत आल्या. त्यांनी पिशवीत हात घालून चाचपले आणि चार पिकलेले, मऊ पेरू काढून ढिगावर ठेवले, बदल्यात कडक मागितले. डॉक्टरांनी यांना गोड बंद केलंय, असं मला म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या. शमुकाकांनी त्यांची पाठ वळायची वाट पाहिली. मग ढिगावरचा सगळ्यात पिवळा पेरू उचलून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला. पेरूवालीनं पाहिलं, मी पाहिलं. त्यांनी आम्हा दोघींकडं बघून ओठांवर बोट ठेवलं आणि खिसा हातानं झाकून, गर्दीतून काकूंच्या मागं निघून गेले.